मशीन श्वास देतंय, पण पेशंट किती ओढतोय?

रात्रपाळी (धागाकर्ता) | रात्री ११:४२

आयसीयूच्या मॉनिटरवर हृदयाचा ठोका न् ठोका दिसतो. रक्तदाब दिसतो, ऑक्सिजन दिसतो, लघवीसुद्धा तासातासाला मोजून लिहिली जाते. पण श्वासपटल, म्हणजे डायफ्रॅम, किती काम करतंय याची एकही रेघ बहुतेक ठिकाणी नसते. पेशंट व्हेंटिलेटरवरून सुटणार की नाही हे मात्र बरंचसं त्याच्यावरच ठरतं. बरीच वर्षं हे काम केल्यावर मला या गोष्टीचं फार नवल वाटतं, म्हणून हा धागा.

व्हेंटिलेटरच्या पडद्यावर दिसतो तो नळीतला दाब. मशीनने किती ढकललं ते त्यात कळतं. पण पेशंट स्वतः श्वास घेत असेल तर तो आतून ओढतही असतो, आणि फुप्फुसावर पडणारा ताण म्हणजे ढकलणं अधिक ओढणं. समजा मशीन १० सेंमी पाण्याच्या उंचीइतक्या दाबाचा सपोर्ट देतंय आणि पेशंट छातीच्या आत १५ सेंमी ओढतोय. फुप्फुस ताणलं जातंय २५ ने. पडद्यावर १०, म्हणून राउंडला सगळे समाधानी. 'कमी सपोर्टवर छान चाललंय' असं मीही कितीदा लिहिलं असेल.

आता उलटी बाजू. २००८ साली लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे तपासले. हे १४ दाते १८ ते ६९ तास व्हेंटिलेटरवर होते आणि त्या काळात त्यांचं श्वासपटल पूर्ण निजलेलं होतं. शस्त्रक्रियेपुरते दोन-तीन तास मशीनवर असलेल्या लोकांशी तुलना केली तेव्हा त्यांचे स्नायुतंतू निम्म्याहून बारीक निघाले. संथ तंतू ५७ टक्क्यांनी, वेगवान तंतू ५३ टक्क्यांनी. पाय प्लास्टरमध्ये घातला तरी मांडी अशी वाळायला आठवडे लागतात, इथे तीन दिवससुद्धा झाले नव्हते.

म्हणजे पेशंटने फार ओढलं तर फुप्फुस फाटायची भीती, अजिबात ओढलं नाही तर स्नायू वाळायची. मधली पट्टी कुठे आहे हे मोजल्याशिवाय कळणार कसं? तुमच्याकडे कोणी मोजतं का? कशाने?

---

खिडकीजवळचा | रात्री ११:५८

मी डॉक्टर नाही. वडील बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होते. आम्हाला रोज सांगायचे, 'झोपवून ठेवलंय, आराम आहे.' न्यूमोनिया बरा झाला, एक्स-रे सुधारला, आणि मग नळी काही निघेना. दोनदा काढून परत घातली. तेव्हा कोणी श्वासपटल हा शब्दही काढला नाही. ते आता घरी आहेत, बरे आहेत, त्यामुळे तक्रार नाही. पण तुमचं वाचून विचारावंसं वाटलं: हा जो 'आराम' होता, तोच नडला का?

---

रात्रपाळी | रात्री १२:२०

@खिडकीजवळचा, वडील घरी आहेत हे वाचून बरं वाटलं. त्यांच्या बाबतीत नेमकं काय झालं ते इथून सांगणं बरोबर नाही. जंतुसंसर्गाचं विष स्नायूला थेट मारतं, पोषण कमी पडतं, नसा दुबळ्या होतात, हृदय साथ देत नाही. कारणं पुष्कळ असतात आणि बऱ्याचदा एकत्रच येतात. फ्रान्समध्ये २०१३ च्या एका अभ्यासात तर आयसीयूत दाखल झाल्या झाल्याच तपासलं, आणि ६४ टक्के पेशंटचं श्वासपटल तेव्हाच अशक्त सापडलं. म्हणजे मशीनचा काही दोष लागायच्या आधीच.

आणि झोपेचं औषध देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत कधी कधी ते द्यावंच लागतं, नाहीतर पेशंट मशीनशी झगडतो. प्रश्न असतो ते कमी कधी करायचं हा. दिवसातून एकदा औषध थांबवून पेशंटला जागं होऊ द्यावं, याचा पहिला मोठा अभ्यास २००० सालचा, १२८ पेशंटचा. त्यात मशीनवरचे दिवस कमी झाले. पुढे २००८ मध्ये औषध थांबवणं आणि लगेच स्वतः श्वास घ्यायची परीक्षा, असं जोडीने करून पाहिलं, तेही चांगलं ठरलं. तरी अजून 'पेशंट शांत आहे ना, मग राहू दे' हे वाक्य रात्री दोन वाजता सगळ्यांनाच सोयीचं वाटतं. मलाही.

---

कोपऱ्यातली सिस्टर | पहाटे ४:१०

ब्रेकमध्ये लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मोजायला मशीनच लागतं असं नाही. मानेवर बोट ठेवा. कॉलरबोनच्या वरचा तो तिरका स्नायू प्रत्येक श्वासाला दोरीसारखा ताठ होत असेल तर पेशंट ओढतोय, मग पडद्यावर काहीही असू दे. नाकपुड्या बघा. गळ्याची खाच आत जाते का बघा.

दुसरं म्हणजे छाती मोजा. मी नव्या मुलींना हेच शिकवते. पडद्यावर रेट १८ दिसतो, तुम्ही चादर बाजूला करून एक मिनिट मोजलंत तर २६ भरतात. ते आठ श्वास कुठे गेले? पेशंटने ओढले, मशीनला कळलेच नाहीत. डॉक्टरांना सांगितलं की पहिलं उत्तर असतं, 'सपोर्ट वाढवू.' आणि वाढवला की अजून बिघडतं! याचं कारण कोणीतरी नीट सांगा, मला अनुभवाने माहीत आहे पण समजावून सांगता येत नाही.

---

रात्रपाळी | सकाळी ७:०५

सिस्टर, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा चांगला आहे.

कारण असं. सपोर्ट जास्त झाला की मशीन मोठा श्वास भरतं आणि भरत राहतं. पेशंटच्या मेंदूचा 'घे' हा हुकूम संपलेला असतो, तरी मशीनचं देणं चालूच. मग श्वास बाहेर पडायला वेळ पुरत नाही, विशेषतः दम्याच्या किंवा सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजाराच्या) पेशंटमध्ये, आणि छातीत हवा साचून राहते. पुढचा श्वास घेताना पेशंटला आधी त्या साचलेल्या दाबाइतकं ओढावं लागतं, तेव्हा कुठे मशीनच्या दारावर थाप पडते. तेवढी ताकद नसेल तर थाप पडतच नाही. तो श्वास वाया. म्हणून अशा वेळी सपोर्ट कमी करायचा असतो. ऐकायला उलटं वाटतं, पण २००६ मध्ये थिय आणि सहकाऱ्यांनी ६२ पेशंट पाहिले, त्यातल्या जवळपास चौथ्या हिश्श्यात पेशंट आणि मशीनचा ताळमेळ दहातल्या एकाहून जास्त श्वासांत चुकत होता, आणि बहुतेक चुका याच जातीच्या होत्या.

---

शंकासूर | सकाळी ९:३१

गोड गोष्टी चालल्यात, थोडं मीठ टाकतो.

हृदयात नळी घालून दाब मोजायची पद्धत आठवते का? पल्मोनरी आर्टरी कॅथेटर. तीस वर्षं आम्ही ती घातली, तिच्या आकड्यांवर औषधं बदलली, परीक्षेत तिच्यावर प्रश्न सोडवले. मग २००५ मध्ये हजारावर पेशंटची चाचणी झाली आणि निष्कर्ष निघाला की घातली काय, न घातली काय, मृत्यू तेवढेच. आकडा दिसला म्हणजे पेशंट वाचला असं होत नाही.

छातीतला दाब मोजायला अन्ननलिकेत सोडतात त्या फुग्याचंही तेच झालं. २००८ च्या छोट्या अभ्यासात, ६१ पेशंट, फुग्याच्या दाबावरून पीप (श्वास सोडल्यावरही मशीन फुप्फुसात राखतं तो दाब) ठरवलं तर ऑक्सिजन सुधारला. सगळे नाचले. २०१९ मध्ये २०० पेशंटवर परत केलं, तर काही फरक नाही. मग मी माझ्या आयसीयूत अजून एक नळी आणि अजून एक रेघ का आणू?

---

सोल्डरगन | सकाळी ११:१५

बायोमेडिकलवाला बोलतोय. फुगा माझ्याच हातून जोडला जातो, म्हणून दोन शब्द.

फुगा म्हणजे नाकातून घातलेल्या बारीक नळीच्या टोकाला पातळ पिशवी, अन्ननलिकेच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. छातीच्या आतला दाब जसा वरखाली होतो तसा तोही होतो. पण हवा कमी भरली तर रेघ दबते, जास्त भरली तर पिशवीचाच ताण मोजला जातो. जागा बरोबर आहे का, हे तपासायची युक्ती १९८२ पासून माहीत आहे: श्वास सोडून झाल्यावर मशीनची वाट क्षणभर बंद करायची आणि पेशंटला ओढू द्यायचं. हवा हलत नाही, त्यामुळे नळीतला दाब आणि फुग्यातला दाब सारखाच घसरला पाहिजे. दोघांचं गुणोत्तर ०.८ ते १.२ मध्ये आलं तर पुढे बोला. मी पाहिलेल्या निम्म्या फुग्यांची ही तपासणी कोणी केलेली नव्हती. आकडे मात्र चार्टवर सुबक अक्षरात होते.

तेव्हा शंकासूरांचा राग फुग्यावर आहे की वापरणाऱ्यांवर, ते आधी ठरू द्या :)

---

शंकासूर | सकाळी ११:४०

दोघांवर.

---

रात्रपाळी | दुपारी २:५०

@शंकासूर, तुमचा मुद्दा मला अर्धा पटतो. २०१९ ची चाचणी पीप ठरवण्याबद्दल होती. मी बोलतोय ते पेशंटच्या ओढण्याबद्दल. एकच फुगा, पण विचारलेला प्रश्न वेगळा. तरी हेही कबूल करतो की ओढणं मोजून उपचार बदलल्याने मृत्यू कमी होतात, असं दाखवणारी मोठी चाचणी माझ्या हातात नाही. टोरांटोच्या गोलिघर यांच्या गटाने २०१८ मध्ये १९१ पेशंटच्या श्वासपटलाची जाडी सोनोग्राफीवर रोज मोजली. पहिल्या तीन दिवसांत श्वास घेताना श्वासपटल १५ ते ३० टक्के जाड होत होतं, म्हणजे निरोगी माणूस आरामात घेतो तितपत काम करत होतं, ते लोक सगळ्यात लवकर मशीनवरून सुटले. ज्यांची जाडी घटत गेली ते अडकले, ज्यांची वाढत गेली तेही अडकले. पण हा संबंध झाला. कारण-परिणाम सिद्ध झाला असं मी म्हणणार नाही. कदाचित जे मुळात कमी आजारी होते तेच मधल्या पट्टीत होते.

मग माझा आग्रह कशासाठी? कारण मला नवी नळी आणायचीच नाहीये. जे मशीन पलंगाशेजारी उभं आहे त्यातच दोन मोजमापं पडून आहेत आणि ती कोणी उघडत नाही.

पहिलं पी ०.१. पेशंटने श्वास ओढायला सुरुवात केल्यापासून पहिल्या दशांश सेकंदात, वाट बंद असताना, दाब किती पडतो ते. दशांश सेकंदात माणसाला वाट बंद आहे हे कळतही नाही, त्यामुळे तो घाबरून जास्त ओढत नाही, आणि हवा हललेलीच नसते म्हणून फुप्फुस कडक आहे की मऊ याचाही फार फरक पडत नाही. व्हाइटलॉ, देरेन आणि मिलिक-एमिली यांनी हे १९७५ मध्ये मांडलं. मेंदूचा हुकूम किती जोरात सुटतोय, ते यात दिसतं. १ च्या खाली असेल तर पेशंट बहुधा जरुरीपेक्षा जास्त झोपलाय किंवा सपोर्ट जास्त आहे. साडेतीन-चारच्या वर असेल तर फार ओढतोय.

दुसरं, एका श्वासापुरता होल्ड, म्हणजे श्वास सोडून झाल्यावर वाट बंद ठेवणं. बटण दाबा, पेशंटला बंद वाटेवर एकदा ओढू द्या, सोडा. दाब किती घसरला पाहा. बेर्तोनी आणि मंडळींनी २०१९ मध्ये दाखवलं की त्याचे तीन चतुर्थांश केले की स्नायूंचा जोर साधारण कळतो, आणि दोन तृतीयांश अधिक मशीनचा दाब केला की फुप्फुसावरचा ताण. समजा घसरण २० ची, सपोर्ट १०. स्नायूंचा जोर १५. फुप्फुसावर १० अधिक १३, म्हणजे २३. मी २० च्या पुढे गेलं की कान टवकारतो. नेमका आकडा नाही हा, अंदाजच आहे, पण पडद्यावरच्या त्या १० पेक्षा खरा.

हे करायला एक मिनिट लागतं. नवीन काही घ्यावं लागत नाही. @शंकासूर, पल्मोनरी कॅथेटरने निदान रक्तस्राव, संसर्ग तरी व्हायचा. एका श्वासाच्या होल्डने कोणाचं काय बिघडणार?

---

शंकासूर | दुपारी ३:२२

होल्डने नाही बिघडणार. होल्डचा आकडा बघून घाबरलेला रेसिडेंट डॉक्टर स्नायू लुळे करायचं औषध सुरू करेल, त्याने बिघडेल. २०१० च्या चाचणीत ४८ तास ते औषध देऊन फायदा दिसला, २०१९ मध्ये १००६ पेशंटवर केलं तर नाही दिसला. हे ध्यानात ठेवा.

(एक मिनिटवालं मोजमाप करून बघेन. छापू नका कुठे.)

---

लिंबूटिंबू | दुपारी ४:०१

वाचनखूण साठवली. शंकासूरांनी काहीतरी करून बघेन म्हटलं, स्क्रीनशॉटही काढला.

---

खिडकीजवळचा | संध्याकाळी ६:१८

एक भाबडा प्रश्न. फार ओढल्याने फुप्फुस फाटतं म्हणता. पण धावताना आपण किती जोरात श्वास घेतो, तेव्हा तर काही होत नाही.

---

रात्रपाळी | रात्री ९:३०

भाबडा मुळीच नाही. याच प्रश्नावर २०२० मध्ये, कोविडच्या धामधुमीत, या विषयातले दोन दिग्गज गात्तिनोनी आणि टोबिन यांची शास्त्रीय नियतकालिकांत चांगलीच जुंपली होती. गात्तिनोनींचं म्हणणं, पेशंट जोरात ओढतोय, लवकर नळी घाला, नाहीतर तो स्वतःचंच फुप्फुस बिघडवेल. टोबिन यांचं, याला पुरावा अपुरा आहे, आणि नळी घालण्याचं स्वतःचं नुकसान असतं.

मला जे समजलंय ते असं: धावणाऱ्याचं फुप्फुस सगळीकडून सारखं फुगतं. आजारी फुप्फुसात काही भाग पाण्याने भरलेला, दगडासारखा, आणि काही भाग मोकळा. श्वासपटल खालून ओढतं तेव्हा तो ताण सगळीकडे सारखा वाटला जात नाही. योशिदा यांनी २०१३ मध्ये दाखवलं की अशा वेळी श्वासाच्या सुरुवातीला वरच्या मोकळ्या भागातली हवा खालच्या भागाकडे सरकते. बाहेरून नवी हवा फारशी आत येत नाही तरी आतल्या आत ओढाताण चालू. मशीन सांगतं, श्वास मोजून-मापून दिलाय. खालचा भाग मात्र जास्त ताणला जात असतो.

प्राण्यांतला जुना पुरावाही आहे. १९८८ मध्ये मेंढ्यांच्या मेंदूभोवतीच्या पाण्यात सॅलिसिलेट सोडलं. फुप्फुसाला हात लावला नाही, फक्त श्वासाचा जोर वाढला. काही तासांत त्यांची फुप्फुसं बिघडली. तशाच मेंढ्यांना मशीनवर शांत ठेवलं तर बिघडली नाहीत. माणसात असाच प्रयोग करता येत नाही, म्हणून भांडण चालूच राहणार.

---

पट्टी आणि स्टॉपवॉच | रात्री १०:४४

फिजिओथेरपिस्ट. उशिरा आले.

सगळे मोजण्यावर बोलताय, स्नायूला परत ताकद देण्यावरही बोला. हातापायाचा व्यायाम आम्ही घेतो ते सगळ्यांना दिसतं, श्वासपटलाचा मात्र विसरतात. आणि दोघांचा अशक्तपणा बरोबरीने चालतोच असं नाही. २०१७ मध्ये द्रे यांनी ७६ पेशंट स्वतः श्वास घ्यायच्या पहिल्या परीक्षेच्या वेळी तपासले. श्वासपटल अशक्त ६३ टक्क्यांत, हातपाय ३४ टक्क्यांत. म्हणजे हात घट्ट दाबणारा पेशंट बघून 'हा सुटणार' म्हणू नका.

व्यायाम साधा आहे. श्वास घेताना अडथळा देणारी झडप नळीला जोडायची, थोडे श्वास, विश्रांती, परत. २०११ मध्ये मार्टिन यांनी बराच काळ अडकलेल्या ६९ पेशंटवर केलं. व्यायाम केलेले ७१ टक्के सुटले, नुसता देखावा केलेले ४७ टक्के. अभ्यास छोटा आहे, शंकासूर, मला माहीत आहे, टंकू नका. पेशंट जागा आणि सहकार्य करणारा हवा, ही खरी अडचण. अर्धवट गुंगीतल्या माणसाकडून मी काय करून घेणार? म्हणजे परत तेच, झोपेचं औषध.

सोनोग्राफीबद्दल एक सावधगिरी. श्वासपटल असतं जेमतेम दोन मिलिमीटर. मोजताना ०.२ चुकलं की दहा टक्के गेले. प्रोब रोज त्याच जागी ठेवायला हवा, आम्ही मार्करने त्वचेवर खूण करतो. आंघोळ घालताना ती पुसली जाते, हा सिस्टरांशी आमचा कायमचा वाद आहे.

---

कोपऱ्यातली सिस्टर | पहाटे ३:५५

तुमची खूण आमच्या टेपखाली येते, म्हणून निघते. मार्करवर पारदर्शक पट्टी लावा, हात जोडते.

आज नाइटला पी ०.१ शोधलं. मशीनच्या तिसऱ्या पानावर होतं, इतकी वर्षं मी ते पान उघडलंच नव्हतं. बेड चारला 'उणे ५' दाखवतंय. उणे म्हणजे कमी ना? मग मानेचा स्नायू तर ताठ आहे.

---

सोल्डरगन | पहाटे ४:२०

जागाच आहे. उणे म्हणजे दाब खाली गेला, एवढंच. काही कंपन्यांची मशीनं चिन्हासकट दाखवतात, काही चिन्ह काढून. चिन्ह विसरा, आकडा ५ आहे, म्हणजे जास्त. तुमचं बोट बरोबर सांगतंय.

आणखी एक बघा. काही मशीनं खरोखर वाट बंद करून मोजतात, काही नुसतं ट्रिगरच्या, म्हणजे पेशंटचं ओढणं मशीनला कळतं त्या, क्षणावरून अंदाज बांधतात. अंदाजवाली बहुधा कमी दाखवतात. आणि हा आकडा श्वासागणिक हलतो. एकावर जाऊ नका, तीन-चार घ्या.

---

कोपऱ्यातली सिस्टर | पहाटे ४:३८

चार घेतले. ५, ४.६, ५.२, ५. दुखतंय का विचारलं तर मान हलवून हो म्हणाले. पोटाच्या टाक्यांचं पेनकिलर राहिलं होतं. डॉक्टरांना उठवलंय.

---

रात्रपाळी | पहाटे ४:५१

ते द्या, अर्ध्या तासाने परत मोजा, आणि इथे लिहा. सपोर्टला तोवर हात लावू नका.

---

कोपऱ्यातली सिस्टर | पहाटे ५:४०

२.८. मान मऊ. छाती आणि पडदा, दोन्हीकडे २१.